फी दिसते, खेटे दिसत नाहीत

नोंदणीची फी उतरवली की छोटे धंदे आपोआप वाढतील, असं बरेच जण म्हणतात; हे मत मला अर्धंच पटतं. फी हा खर्चाचा दिसणारा भाग. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो दे सोतो यांच्या गटाने तिथली राजधानी लिमाच्या वेशीवर एक छोटा शिवणकामाचा कारखाना रीतसर नोंदवून पाहिला. कामगार एकच! रोज सहा तास अर्ज भरायचे, रांगेत उभं राहायचं, शिक्के मिळवायचे. परवानगी हातात पडायला २८९ दिवस लागले आणि खर्च झाला तिथल्या मासिक किमान वेतनाच्या ३१ पट. खरा धंदेवाला असता तर तेवढे दिवस त्याने घर कशावर चालवायचं?

जर्मनीत अडचण वेगळी. तिथे नेहमीच्या मर्यादित कंपनीला किमान २५,००० युरो भांडवल दाखवावं लागतं. २००८ पासून एका युरोच्या भांडवलात सुरू होणारा कंपनीचा प्रकार आला, पण नोटरीची पायरी राहिलीच.

आणि नियम कागदावर सगळ्यांना सारखे असले, तरी त्यांचा भार सगळ्यांवर सारखाच पडतो, हे तर मला मुळीच मान्य नाही. मोठी कंपनी या कामाला पगारी माणूस नेमते. एकट्याने धंदा करणाऱ्याला खेटे घालायचे तर त्या दिवशी शटर खालीच ठेवावं लागतं.