अकरावीत गेल्यावर मुलीचा अभ्यासातील आत्मविश्वास ढासळला आहे

पालक, डिचोली
माझी मुलगी दहावीपर्यंत गावाजवळच्या शाळेत नेहमी पहिल्या दोघा-तिघांत असे. यंदा तिने म्हापशाच्या एका हायर सेकंडरीत विज्ञान शाखेला प्रवेश घेतला आणि पहिल्या चाचणीनंतर ‘भौतिकशास्त्र मला जमणारच नाही’ असे ती म्हणू लागली. गुण वर्गाच्या सरासरीएवढे आहेत. परंतु झोप आणि जेवण दोन्ही कमी झाले आहे. आत्मविश्वास गेल्यामुळे मन खचते, की मन खचल्यामुळे आत्मविश्वास जातो?

निवृत्त शिक्षक, फोंडा
दोन्ही घडते. आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘स्व-क्षमतेवरील विश्वास’ ही संकल्पना मांडली, तेव्हा त्याचे चार स्रोत सांगितले होते: स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्याच कोणाचे यश पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि स्वतःची शारीरिक व भावनिक अवस्था. यांतील चौथा स्रोत आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो, कारण अपुऱ्या झोपेमुळे आलेला थकवा आणि पेपरापूर्वीची धडधड यांचा अर्थ मूल ‘मला येत नाही’ असाच लावते, मग अभ्यास टाळते आणि पुढचा पेपर खरोखरच अवघड जातो. पहिला स्रोत सर्वांत प्रभावी असतो. म्हणून ‘तू हुशार आहेस’ हे पुनःपुन्हा सांगण्यापेक्षा, प्रयत्नाने सुटतील एवढीच अवघड उदाहरणे तिच्याकडून रोज थोडी सोडवून घ्यावीत.

मानसशास्त्राची प्राध्यापिका, मडगाव
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु तुलनेचा मुद्दा त्यात राहून गेला. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांच्या संशोधनानुसार समान क्षमतेची दोन मुले घेतली, तर अधिक हुशार मुलांच्या वर्गात बसणारे मूल स्वतःला कमी लेखते. लहान तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात गेला, की त्यालाच आपण लहान झाल्यासारखे वाटते, तसे हे आहे. अनेक गावांतील पहिले क्रमांक एका वर्गात एकत्र आले, की त्यांतील बहुतेकांचा क्रमांक घसरणारच. त्यामुळे घरी क्रमांक विचारणे थांबवावे आणि तिची मागची उत्तरपत्रिका तिच्याच नव्या उत्तरपत्रिकेशेजारी ठेवून पाहावी.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी
माझे मत थोडे वेगळे आहे. माझे प्राथमिक शिक्षण मराठीत झाले आणि आपल्या गोव्यातील रीतीप्रमाणे पाचवीपासून इंग्रजी माध्यम आले. लिहिणे जमत होते, परंतु हायर सेकंडरीत शहरातल्या मुलांसमोर इंग्रजीतून शंका विचारण्याची भीती वाटे, आणि न विचारलेल्या शंका साचत गेल्यावर विषयच कठीण वाटू लागला. एका सरांनी तासानंतर कोकणी-मराठीतून शंका विचारू दिल्या, तेव्हा गणित सुटू लागले. आत्मविश्वासाची चर्चा करण्यापूर्वी ती नेमकी कोठे अडते, हे तिला विचारा. बसचा प्रवास आणि त्यानंतरची ट्यूशन यांतून झोपेला किती तास उरतात, तेही मोजा.

पालक, डिचोली
आभारी आहे. ट्यूशन संपवून ती रात्री उशिरा घरी पोहोचते, हे खरे. तूर्त ट्यूशन बंद करावी का?

मानसशास्त्राची प्राध्यापिका, मडगाव
तिला विचारून ठरवा; तिच्यावर लादलेला चांगला निर्णयही तिचा स्वतःवरील विश्वास वाढवणार नाही. मात्र झोप, भूक आणि उत्साह दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवलेले असतील, तर हा केवळ अभ्यासाचा प्रश्न मानू नये. डॉक्टरांना भेटावे, किंवा ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.