बंदूक चिखलात बुडवून पाहणं, ही चाचणी म्हणायची का?

धरमपेठकर: काल एका व्हिडिओत रायफल चिखलात बुडवली, दोनदा झटकली आणि चालवली. पाचव्या गोळीला अडकली. लगेच खाली लोकांनी तिला भंगार ठरवलं. मला हे अजिबात पटत नाही. चिखल किती पातळ, त्यात वाळू किती, रायफलीच्या बाजूच्या फटीवरचं धुळीचं झाकण बंद होतं का, काहीच ठरलेलं नाही. अमेरिकी लष्कराने २००७ मध्ये आपल्या ॲबर्डीनच्या चाचणी केंद्रात धुळीची चाचणी घेतली. चार जातींच्या प्रत्येकी १० रायफली, एकेकीतून ६,००० गोळ्या. त्यांची तेव्हाची नेहमीची रायफल एम४ एकूण ८८२ वेळा अडकली, प्रायोगिक एक्सएम८ फक्त १२७ वेळा. आणि त्या ८८२ पैकी २३९ वेळा दोष मॅगझिनचा निघाला. एकाच बंदुकीवर पाच गोळ्यांत हे कळेल का?

कामठीचा जवान (निवृत्त): भाऊ, त्याच चाचणीचं दुसरं अंगही सांगा. त्याच वर्षी उन्हाळ्यातल्या धुळीच्या चाचणीत एम४ चा आकडा या ८८२ च्या निम्म्याहूनही कमी होता. बंदूक तीच, गोळ्या तेवढ्याच. मग तुमची मोजलेली धूळ तरी कुठे एकसारखी? आपल्या लष्कराची इन्सास रायफलसुद्धा चाचण्या पार करूनच आली होती, पण कारगिलला १९९९ मध्ये थंडीने तिची मॅगझिनं तडकली. आपल्याकडची काळी माती घ्या. ओली असताना बोटांत साबणासारखी सरकते, बोल्टच्या (गोळी आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाच्या) खाचेत वाळली की दगड. मग हँडल ओढायला दोन्ही हात लागतात, आणि चिंदी-पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) काढायला वेळ कोण देतो? बादलीतला चिखल ओबडधोबड असेल, पण जवानाचा प्रश्न तोच विचारतो.

हिंगणा टर्नर: प्रश्न बरोबर आहे हो, पण उत्तर चुकीचं मिळतं. ‘एके-४७ आतून ढिली म्हणून भरवशाची’ हे सगळे म्हणतात. आत गेलेल्या घाणीला सरकायला जागा मिळते, हे खरं. पण तिची सेफ्टी खाली केली की हँडलची लांब फट उघडी राहते, चिखल सरळ तिथून आत. एआर पद्धतीची रायफल (एम४, एम१६ त्यातल्याच) झाकण लावलं की जवळजवळ बंद. बराचसा चिखल बाहेरच थांबतो. पण तिचा गॅस बोल्टच्या घरात येतो आणि काजळी तिथेच साठते. म्हणजे एक चिखलात मागे पडेल, दुसरी न पुसता हजार गोळ्या झाडल्यावर. एका बादलीने दोघींचा न्याय कसा होणार? व्हिएतनाममध्ये एम१६ अडकली ती तरी नुसत्या चिखलाने नाही. गोळीतली दारू बदलली, चेंबरला (गोळी बसते त्या घराला) क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचं सामान पुरेसं पोहोचलं नव्हतं.

कामठीचा जवान (निवृत्त): मी तेच म्हणतो आहे! चाचणी एका दारूवर, लढाई दुसऱ्या दारूवर. कागदावर पास झालेली बंदूक पोरांच्या हातात अडकली. आकडे मोजणारा आणि ती घेऊन पळणारा, दोघं वेगळे असतात.

धरमपेठकर: हे मान्य. मग मागणी अशी करू या: जी गोळी, जे मॅगझिन आणि जितकं तेल जवानाला मिळणार आहे तेच वापरा, माती आपल्या शेतातली घ्या, पण निदान दहा रायफली घ्या आणि प्रत्येक अडकण कारणासकट लिहा.

कामठीचा जवान (निवृत्त): आणि चालवायला नवा रिक्रूट द्या, उस्ताद नको. मग मी सही करतो.

हिंगणा टर्नर: बादली माझ्याकडून.