डिस्कवर क्ष² चालतं, मग बॉलवर का नाही? (प्रॉपर मॅप्स)

खडूफळा:
एमएस्सी सेकंड इयर, सेव्हरल कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स इलेक्टिव्ह घेतलंय. युनिट डिस्कवर क्ष → क्ष² हा प्रॉपर मॅप आहे, म्हणजे कॉम्पॅक्ट सेटची प्रीइमेज कॉम्पॅक्टच, थोडक्यात बाउंड्रीकडे सरकणारे पॉइंट्स मॅपनंतरही बाउंड्रीकडेच सरकतात, आणि डिस्कवरचे असे सगळे होलोमॉर्फिक (कॉम्प्लेक्स डिफरन्शिएबल) मॅप्स म्हणजे फायनाइट ब्लाश्के प्रॉडक्ट्स (डिस्कला एकास एक स्वतःवरच नेणाऱ्या मोजक्या मॅप्सचा गुणाकार), इथपर्यंत ओके. पण दोन व्हेरिएबल्सच्या बॉलवर (|क्ष|²+|य|²<१) अलेक्झांडरचं १९७७ चं थिअरम म्हणतं की बॉलमधून त्याच बॉलमधे जाणारा प्रत्येक प्रॉपर होलोमॉर्फिक मॅप ऑटोमॉर्फिझमच (एकास एक, उलटाही होलोमॉर्फिक) असतो. म्हणजे क्ष² सारखा डिग्री २ वाला (दोन-दोन पॉइंट्स एकावर नेणारा) एकही नाही?? प्रूफची ओळन् ओळ कळते पण गाडी नक्की कुठे अडते ते डोक्यात शिरत नाहीये. कुणीतरी समजवा प्लीज.

सातपुडा:
आधी हाताने करून बघ. (क्ष², य²) घे आणि बाउंड्रीवरचा (१/√२, १/√२) टाक, उत्तर (१/२, १/२), त्याच्या नॉर्मचा वर्ग १/२, म्हणजे बाउंड्रीवरचा पॉइंट थेट आत आला, प्रॉपर कसला! हाच मॅप |क्ष|+|य|<१ या डोमेनवर मात्र मस्त प्रॉपर आहे, बॉल → ते डोमेन. आता हे का होतं ते बघ, खरी मजा इथेच आहे. मॅप "दुमडतो" तिथे जेकोबियन (पार्शल डेरिव्हेटिव्ह्जचा डिटर्मिनंट) शून्य होतो. एका व्हेरिएबलमधे डेरिव्हेटिव्हचे शून्य म्हणजे सुटे सुटे पॉइंट्स, ते डिस्कच्या पोटात आरामात राहतात. दोन व्हेरिएबल्समधे जेकोबियनचा झीरो सेट रिकामा नसेल तर तो एक ॲनालिटिक कर्व्ह असतो, आणि असा कर्व्ह बॉलच्या आत कॉम्पॅक्ट राहूच शकत नाही (मॅक्सिमम प्रिन्सिपल), त्याला बाउंड्रीपर्यंत जावंच लागतं. पण बॉलची बाउंड्री स्ट्रिक्टली स्यूडोकॉन्व्हेक्स (कॉम्प्लेक्स अर्थाने सगळीकडे बाहेर फुगलेली), मॅप तिथपर्यंत स्मूथ एक्स्टेंड होतो (प्रूफमधला सगळ्यात अवघड भाग हाच) आणि हॉप्फ लेमा (बाउंड्रीवर नॉर्मल दिशेचा डेरिव्हेटिव्ह शून्य होत नाही) आणि लेव्ही फॉर्म (बाउंड्रीचा कॉम्प्लेक्स फुगवटा मोजणारा) लावले की बाउंड्रीवर जेकोबियन शून्य होऊच शकत नाही. म्हणजे तो कर्व्ह नाहीच, मॅप अनब्रँच्ड कव्हरिंग (कुठेच न दुमडणारा), बॉल सिंप्ली कनेक्टेड (आत भोक नाही), म्हणून एकास एक. संपलं.

खडूफळा:
अरे वा, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं!! पण मग (क्ष², य²) चा जेकोबियन ४क्षय, तो क्ष=० वर शून्य आणि ती रेघ बाउंड्रीला जातेच की, तिथे काय?

सातपुडा:
बरोबर पकडलंस. |क्ष|+|य|<१ ची बाउंड्री क्ष=० किंवा य=० असेल तिथेच स्मूथ नाही, टोक आहे, म्हणून तिथे हॉप्फवाला युक्तिवाद लागूच पडत नाही.

निशिगंध:
यात बायडिस्क (क्ष आणि य दोन्ही आपापल्या युनिट डिस्कमधे) पण घ्या हो. तिथे (क्ष², य²) प्रॉपर आहे, आणि बायडिस्कचे सगळे प्रॉपर सेल्फ मॅप्स म्हणजे प्रत्येक व्हेरिएबलला आपापलं ब्लाश्के प्रॉडक्ट, फारतर अदलाबदल. पण बायडिस्कमधून बॉलमधे एकही प्रॉपर मॅप नाही. क्ष ला डिस्कच्या बाउंड्रीकडे ढकला, य वर अवलंबून असलेले मॅप्स माँटेलच्या थिअरमने सबसीक्वेन्सवर कन्व्हर्ज होतात, लिमिट पूर्णपणे स्फिअरवर (बॉलच्या बाउंड्रीवर) बसतं, आणि स्फिअरमधे नॉनकॉन्स्टंट होलोमॉर्फिक डिस्क मावतच नाही, म्हणून लिमिट कॉन्स्टंट, म्हणजे य चा डेरिव्हेटिव्ह बाउंड्रीला शून्याकडे जातो, म्हणून आतही शून्यच, मग मॅपला य चा पत्ताच नाही आणि प्रॉपर उरत नाही. बॉल आणि बायडिस्क बायहोलोमॉर्फिक (दोन्ही बाजूंनी होलोमॉर्फिक एकास एक मॅपने जोडलेले) नाहीत हे पॉइन्कारेनी १९०७ मधेच दाखवलं होतं, हे त्याच्याही पुढचं.

सातपुडा:
आणि टार्गेटची डायमेन्शन एकाने वाढवलीस की दार उघडतं. दोन डायमेन्शनच्या बॉलमधून तीनच्या बॉलमधे (क्ष, क्षय, य²) जातो, व्हिटनीचा मॅप. |क्ष|²+|य|²(|क्ष|²+|य|²), स्फिअरवर कंस १ होतो, म्हणून बेरीजही १. तसंच (क्ष³, √३क्षय, य³) करून बघ, |क्ष|² ला प, |य|² ला फ म्हण, प+फ=१ असताना प³+फ³+३पफ=१ येतं. बाउंड्रीपर्यंत पुरेसे स्मूथ असतील तर आणि दोन्ही बॉलचे ऑटोमॉर्फिझम्स लावून एकसारखे होणारे मॅप्स एकच धरले तर असे चारच प्रकार आहेत, फॅरनचं १९८२ चं रिझल्ट. उरलेले दोन म्हणजे (क्ष, य, ०) आणि (क्ष², √२क्षय, य²).