शब्दचर्चा : बिनचित्राची पानं आणि ‘लावणे’

चोपडा : मार्सेय पद्धतीच्या टॅरोवर, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या पत्त्यांच्या एका जुन्या संचावर, मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. ७८ पानांत २२ मोठी चित्रं, १६ राजा-राणी-स्वार-गुलाम. उरलेल्या ४० पानांवर प्रसंग असा नाहीच. पेले, नाणी, सोटे, तलवारी हे चार रंग आणि भोवती वेलपत्ती. फार तर एखाद्या एक्क्यावर हात. यांना काय म्हणावं? ‘अंकपत्रे’ लिहिलं तर दहावीचा निकाल वाटतो.

धुळे : ताई, आखाजीला झाडाखाली पत्ते कुटताना कोण ‘अंकपत्र’ म्हणतं? एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी... दश्शीपर्यंत नावं तयार आहेत. राजा-राणी-गुलामाला आपण ‘चित्र’ म्हणतोच, मग ही बिनचित्राची पानं.

चोपडा : पण भाऊ, दुर्री-तिर्री म्हटलं की फेकायचं पान डोळ्यांपुढे येतं.

धुळे : टॅरो मुळात इटलीतला पंधराव्या शतकातला खेळच. भविष्य नंतर चिकटलं. त्या जुन्या खेळात तलवारी-सोट्यांत दश्शी भारी, पण पेल्या-नाण्यांत क्रम उलटा, एक्का भारी नि दश्शी सगळ्यांत बारकी. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यातही (गोल पत्त्यांचा जुना खेळ) दहापैकी पाच रंग असेच उलटे. हलकं काय नि भारी काय, रंग बघून ठरतं.

अमळनेर : नामाचं मिटलं, मला क्रियापदाचं बोलायचंय. ‘या पानाचा अर्थ काय?’ हा प्रश्नच दुसऱ्या संचातून आलाय. १९०९ च्या वेट-स्मिथ संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी बिनचित्राच्या पानांवरही प्रसंग काढले. तिथं तलवारींची तिर्री म्हणजे भर पावसात हृदयात घुसलेली तीन पाती. पान स्वतःच सांगतं. मार्सेयच्या तिर्रीत ना हृदय, ना पाऊस: दोन वाकड्या तलवारींचं लंबगोल रिंगण, मधोमध एक सरळ तलवार. तरी लोक तिच्यावर तेच दुःख वाचून दाखवतात. मला हे उसनं रडणं वाटतं.

इथं अर्थ सांगत नाहीत, लावतात. आणि हातातली पानंही आपण ‘लावतो’च, रंगवार, क्रमानं. तेच इथं करून पाहा. तलवारींची दुर्री, चव्वी, छक्की, अठ्ठी ओळीनं ठेवा: रिंगणात फूल. तिर्री, पंजी, सत्ती, नव्वी: त्याच जागी तलवार. चव्वीतलं जपलेलं फूल पंजीत गेलं कुठं? माझ्या मते पंजीचा अर्थ या प्रश्नात आहे, आणि चव्वी शेजारी नसेल तर प्रश्न पडतच नाही. तेच पेल्यांच्या पंजीला लावा, चार कोपऱ्यांना चार नि मधे एक. भरल्या घरात पाहुणा आल्यासारखं. तलवार घुसते, पेला येऊन बसतो. आकडा एकच.

आकड्याची गंमतही बघा. चारसाठी चार उभ्या रेघा, नऊसाठी पाचाची रोमन खूण (V) आणि पुढे चार रेघा. कापूस मोजताना मारतात तशा. नाण्यांच्या पानांवर बहुधा तेही नाही, नाणी मोजून घ्यायची.

धुळे : आमच्याकडे पानं हातात आल्यावर घाई करणाऱ्याला म्हणतात, ‘पहिले पानं लाव, मंग बोल.’

चोपडा : मग ‘तलवारींची पंजी अशी लावली’ असं लिहिते. ‘सोटे’ मात्र खटकतंय. पानावर ते जाळीसारखे एकमेकांत विणलेले दिसतात.

अमळनेर : काठ्या म्हणा. सोटा उगारायचा असतो.