मदत हवी आहे: आरके३३९९ बोर्डावर डेबियन टाकलं, लॅन चालतच नाहीये

नमस्कार मंडळी, मी कळव्याचा. आमच्या इथल्या अभ्यासिकेत पोरांसाठी छोटा सर्व्हर लावायचाय, किविक्सवर (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर) ऑफलाइन मराठी विकिपीडिया, त्यासाठी ओळखीतून एक जुना सिंगल बोर्ड कॉम्प्युटर मिळाला, चिप आरके३३९९, रॅम ४ जीबी. सोबतची इमेज (तयार सिस्टिमची फाइल) लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ४.४ वरच अडकलीय आणि ४.४ चा सपोर्ट २०२२ च्या फेब्रुवारीतच संपला, असलं काही पोरांच्या नेटवर्कला जोडायची माझी तरी हिंमत नाही.

म्हणून डेबियन (लिनक्सवरची एक सिस्टिम) टाकलं. चिप मेनलाइनमध्ये (मूळ अधिकृत लिनक्स कर्नलमध्ये) आहे, चांगली चालते, पण या बोर्डाची डिव्हाइस ट्री (कुठला भाग कुठे जोडलाय ते कर्नलला सांगणारी यादी) तिथे नाही, मग त्यातल्या त्यात जवळच्या दुसऱ्या बोर्डाची डीटीबी (त्याच यादीची कंपाइल केलेली फाइल) लावली. बूट होतं, यूएसबी चालतं, एचडीएमआय पण येतं, लॅनचा दिवा मात्र पेटत नाही. मला वाटतं पीएचवायची (लॅन केबलचे सिग्नल सांभाळणाऱ्या चिपची) रीसेट पिन नाहीतर रेग्युलेटर (तिला वीज देणारा भाग) वेगळा असणार. सिरियल लॉग (बूट होताना सिरियल केबलवरून येणारे संदेश) काढायलाच दोन रात्री गेल्या, नुसती कचरा अक्षरं यायची, नंतर कळलं बॉड रेट (सिरियलचा वेग) ११५२०० नाही, १५००००० ठेवायचा.

तर जुन्या इमेजमधली डीटीबी डीटीसी या टूलने उलटी डीटीएस (वाचता येणारा मजकूर) करून जीमॅक नोडमधली (लॅनच्या नोंदीतली) जीपीआयओ पिन (इथे रीसेटची) नव्या फाइलमध्ये टाकली तर पुरेल का, की दोन कर्नलची बाइंडिंग (या नोंदी लिहायचे नियम) जुळत नाहीत? कुणी केलंय का असं? ठाणे, ऐरोली, कुठेही असाल तर रविवारी बोर्ड घेऊन मीच येतो. लॉग हवा असेल तर सांगा, लगेच टाकतो.