मदत हवी आहे: वर्डच्या टेम्प्लेटवरून नवा दस्त काढताना फॉण्ट बदलतो, बॉण्डवरची जागा हलते

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यात कळंबला आमचं टायपिंगचं दुकान आहे. भाडेकरार, साठेखत, संमतीपत्र, वारसांची शपथपत्रं हे रोजचं काम. एका कॉम्प्युटरवर वर्ड २०१६ आहे, दुसऱ्यावर लिबरऑफिस. हाताखाली दोन मुलं आहेत.

सगळीकडं चालते तीच पद्धत आमच्याकडं होती. मागच्या गिऱ्हाइकाचा दस्त उघडायचा, नावं बदलायची, प्रिंट द्यायची. यात एखाद्या कलमात आधीच्या माणसाचं नाव किंवा गट नंबर तसाच राहून जायची भीती कायम असते. ऑक्टोबर २०२४ पासून १०० आणि २०० च्या बॉण्डची जागा ५०० च्या बॉण्डनं घेतली. एक बॉण्ड वाया गेला तर समोरच्या शेतकऱ्याचे ५०० रुपये जातात, आणि तो परतीच्या एसटीकडं डोळे लावून बसलेला असतो. म्हणून आता प्रत्येक दस्ताचं कोरं टेम्प्लेट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा नमुना, करायला घेतलंय. सेव्ह ॲजमध्ये 'वर्ड टेम्प्लेट' निवडून फायली केल्या, पण चार ठिकाणी अडलंय.

पहिली अडचण: डबल क्लिक केलं की नवा कोरा दस्त उघडतो, हे बरोबर. पण मुलं वर्डमधून फाईल, ओपन असं गेली की मूळ टेम्प्लेटच उघडतं, आणि सेव्ह केलं की गिऱ्हाइकाचं नाव त्यातच बसतं.

दुसरी: टेम्प्लेटमध्ये फॉण्ट कोकिळा ठेवलाय, साईज १६. नव्या दस्तात इंग्रजी आकडे १६ मध्ये येतात, मराठी मात्र मंगलमध्ये आणि बारीक. श्री-लिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरवर काम करायचो तेव्हा असं कधी झालं नाही.

तिसरी: बॉण्डचा वरचा भाग छापील असतो, मजकूर त्याखाली सुरू व्हायला हवा. आम्ही वर एंटर मारून जागा सोडलीय. कुणी एक ओळ वाढवली किंवा खोडली की सगळं खालीवर होतं.

चौथी: 'लिहून देणार'चं नाव दस्तात सात-आठ ठिकाणी येतं. एकदा टाइप केलं की सगळीकडं यावं, असं काही जमतं का?

आणखी एक विचारायचंय. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. टेम्प्लेटमध्ये 'धाराशिव' केलं तर त्यावरून आधी काढलेल्या दस्तांमध्येही ते आपोआप बदलेल का? तसं व्हायला नको आहे. जुना दस्त जसा झाला तसाच राहायला पाहिजे.

बालाघाट:
ताई, शेवटचं आधी सांगतो म्हणजे काळजी मिटेल. टेम्प्लेटमधला मजकूर नवा दस्त निघताना एकदाच उतरतो, नंतर त्याचा जुन्या दस्ताशी संबंध राहत नाही. जुन्यात फक्त स्टाईल बदलू शकतात, म्हणजे फॉण्ट, ओळींमधलं अंतर वगैरे, आणि तेही 'ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाईल्स' ही खूण केलेली असेल तरच. ती करू नका.

फॉण्टचं दुखणं मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला होतं, म्हणून सविस्तर लिहितो. वर्ड प्रत्येक स्टाईलमध्ये दोन वेगळे फॉण्ट ठेवतं, एक रोमन अक्षरांसाठी आणि एक 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी. युनिकोड देवनागरी, म्हणजे हल्लीचं मराठी टायपिंग, दुसऱ्या खात्यात जाते. श्री-लिपीची अक्षरं वर्डच्या लेखी रोमनच होती, त्यांना फक्त मराठीचं रूप दिलेलं होतं, म्हणून पहिल्याच खात्यावर भागायचं. तुम्ही कोकिळा पहिल्या खात्यात लावलाय, दुसऱ्यात मंगल तसाच आहे. टेम्प्लेटवर राईट क्लिक करून 'ओपन' म्हणा, म्हणजे मूळ फाईल उघडेल. मग 'नॉर्मल' स्टाईलवर राईट क्लिक, मॉडिफाय, खाली फॉरमॅट, फॉण्ट. तिथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सच्या रकान्यात कोकिळा आणि साईज १६ द्या. साईजही वेगळीच असते, ती विसरू नका. मजकूर निवडून वरच्या पट्टीतून फॉण्ट बदलला तर तो तेवढ्याच अक्षरांना लागतो, बाकी ठिकाणी मंगलच राहतो.

बॉण्डच्या जागेसाठी एंटर सगळे काढून टाका. पहिल्या पानाच्या हेडरवर, म्हणजे वरच्या समासात, डबल क्लिक करा, 'डिफरंट फर्स्ट पेज'ला खूण करा आणि हेडरमधल्या रिकाम्या परिच्छेदाला 'आफ्टर'मध्ये अंतर द्या. पट्टीनं मोजा. एक सेंटीमीटर म्हणजे साधारण २८.३५ पॉइंट, म्हणजे १५ सेंटीमीटरला ४२५. हेडर कागदाच्या काठापासून जेवढं खाली सुरू होतं तेवढं त्यातून वजा करा. हेडर उंच झाला की मजकूर आपोआप खाली ढकलला जातो, आणि दुसऱ्या पानाच्या साध्या कागदावर नेहमीचा समास राहतो. बॉण्डआधी तेवढ्याच मापाच्या कोऱ्या कागदावर प्रिंट काढून बघा.

गोदाकाठ_नांदेड:
मूळ फाईल वाचवायची असेल तर टेम्प्लेटवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, 'रीड-ओन्ली' करा. मग कुणी थेट उघडलं तरी त्याच नावानं सेव्ह होणार नाही, आणि डबल क्लिकनं नवा दस्त निघायचा तसा निघत राहील. मुलांना सोपं पडावं म्हणून फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथं 'डिफॉल्ट पर्सनल टेम्प्लेट्स लोकेशन'मध्ये तुमच्या फोल्डरचा पत्ता द्या. मग फाईल, न्यू केलं की 'पर्सनल'मध्ये तुमचे सगळे नमुने दिसतात आणि ओपनकडं जायचं कामच उरत नाही.

नावासाठी: इन्सर्ट, क्विक पार्ट्स, डॉक्युमेंट प्रॉपर्टी. त्यात 'मॅनेजर' घ्या आणि नाव जिथं जिथं येतं तिथं तोच चौकोन टाका. एकात टाइप केलं की बाकीच्यांत येतं. लिहून घेणाऱ्यासाठी 'कंपनी' वापरा. मात्र वाक्यं 'यांनी', 'यांचे', 'यांना' अशी ठेवा, कारण चौकोनातल्या नावाला प्रत्यय लागत नाही.

मांजराकाठ:
दादा, दोघांचेही मनापासून आभार. कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा रकाना सापडला, कोकिळा नीट येतोय. हेडरची युक्ती भाडेकराराला लावली, मुलानं मधे दोन कलमं वाढवली तरी पहिली ओळ जागची हलली नाही. लिबरऑफिसचं काय करावं? तिथं वर्डची फाईल उघडली की पहिल्या पानाचं अंतर वेगळं दिसतं.

बालाघाट:
तिथं वेगळं टेम्प्लेट करा, वर्डचंच ओढत नेऊ नका. लिबरऑफिसमध्ये पानांच्याही स्टाईल असतात. पहिल्या पानाला 'फर्स्ट पेज' लावा, त्याचा वरचा समास बॉण्डच्या छापील भागाएवढा ठेवा, आणि त्यातच 'नेक्स्ट स्टाईल' म्हणून 'डिफॉल्ट पेज स्टाईल' निवडा. मग फाईल, टेम्प्लेट्स, 'सेव्ह ॲज टेम्प्लेट'. नवा दस्त काढायला कंट्रोल-शिफ्ट-एन. नावांच्या जागी 'इनपुट फील्ड' टाकली तर कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबल्यावर एकेक रकाना विचारत पुढं जातं. नवीन मुलासाठी हे वर्डपेक्षाही सोयीचं आहे, कारण रकाना नजरेतून सुटत नाही.

मांजराकाठ:
हे आज संध्याकाळी करून बघते. एकच राहिलं: वारसांच्या शपथपत्रात कधी तीन वारस, कधी अकरा. टेम्प्लेटमध्ये किती ओळी ठेवायच्या?

गोदाकाठ_नांदेड:
एकच ठेवा. ऑप्शन्स, कस्टमाईज रिबनमधून 'डेव्हलपर' टॅब चालू करा. तक्त्यात वारसाची एक ओळ बनवा: नाव, वय, मयताशी नातं, पत्ता. ती पूर्ण ओळ निवडून 'रिपीटिंग सेक्शन' कंट्रोल लावा. ओळीच्या शेवटी अधिकचं चिन्ह येतं, ते दाबलं की खाली तशीच नवी ओळ मिळते. वर्ड २०१३ पासून ही सोय आहे, म्हणजे तुमच्या २०१६ मध्ये चालेल. फाईल जुन्या '.doc' प्रकारात सेव्ह केलेली असली तर हे बटण दाबता येत नाही, तेवढं आधी बघून घ्या.