सीएसव्ही इम्पोर्ट करताना तारखा उलट्यापालट्या होतायत

प्रश्न: अमीब्रोकर या शेअर चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये शेअरच्या भावांची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामाने वेगळे केलेले आकडे) घेतोय, १२ तारखेपर्यंतच्या ओळी येतात पण महिना चुकीचा लागतो आणि १३ पासून पुढचं सगळं गायब. फॉरमॅट लाईनमध्ये (कुठल्या कॉलममध्ये काय आहे ते सांगणारी ओळ) टिकर (शेअरचं छोटं नाव), डेट_एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष), ओपन, हाय, लो, क्लोज, व्हॉल्यूम असं दिलंय. काय चुकतंय?

उत्तर १: अरे फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघ आधी, एक्सेल स्वतःच्या मर्जीने तारीख वेगळी दाखवतं. ०३-०४-२०२४ म्हणजे ३ एप्रिल असेल तर डेट_डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) हवं ना, तू एमडीवाय दिलंयस म्हणून ते ४ मार्च धरतंय आणि १३ वा महिना कुठून आणणार बिचारं!

उत्तर २: तारखेचं वर बरोबर सांगितलंय. शिवाय पहिली ओळ कॉलमच्या नावांची असेल तर डॉलर स्किपलाईन्स १ टाक, म्हणजे ती ओळ सोडली जाते. नको असलेल्या कॉलमच्या जागी स्किप लिही, नुसता गाळलास तर पुढचे सगळे आकडे एक घर सरकतात, मी दोन दिवस क्लोजलाच व्हॉल्यूम समजून बसलो होतो 😅 आणि तरी अडलं तर इम्पोर्ट डॉट लॉग ही फाईल बघ, कुठली ओळ नाकारली ते त्यात असतं.

प्रश्नकर्ता: डीएमवाय केलं, आलं सगळं! आता आधीचा चुकीचा डेटा उडवतो.